उजेडात तापवलेले पोलाद

टोक मोडलेली सुरी टपालाने परत आली तेव्हा झेल्मा ऑक्सेनडाईन स्वयंपाकघराच्या सिंकपाशी उभी राहून टोमॅटोचे सँडविच खात होती. ऑगस्टमधला टोमॅटो उभ्यानेच खायचा, मीठमिरी भुरभुरून, रस कोपरापर्यंत ओघळू द्यायचा. डॉर्सी असताना हे तिला कधी जमले नव्हते, कारण नवऱ्याला ताट लागे, खुर्ची लागे आणि समोर ऐकणारे कोणीतरी लागे. त्याला जाऊन चार महिने झाले होते. पुडक्यावर सैन्याच्या टपालाचा शिक्का होता आणि परतीच्या पत्त्याच्या जागी नुसते आकडे. आत एका जाड मोज्यात गुंडाळलेली सुरी, चिकटपट्टीने कागदावर चिकटवलेले मोडके टोक, आणि त्या टोकाखाली पेन्सिलीने चार ओळी: ‘मॅडम, टोक गेलं. पेटीचं झाकण उचकटत होतो. सुरीनं झाकण उचकटायचं नाही असं डॉर्सींनी मार्चमध्ये बजावलं होतं. चूक माझी. २३१.’ झेल्माला हसू आले. तीस वर्षांत डॉर्सीच्या सुऱ्या वापरणाऱ्या त्या तुकडीतल्या एकूणएक माणसाने सुरीने झाकणे उचकटली होती आणि एकूणएकाने ते नाकारले होते. कबूल करणारा हा पहिलाच. हसत हसतच तिने सुरी खिडकीपाशी नेली आणि मोडलेली जागा उन्हात धरली. ती जागा चमचम चमकली, साखरेच्या दाण्यांसारखी. झेल्माने सँडविच सिंकच्या कडेवर ठेवले आणि ते मग संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले.

चांगल्या पोलादाचे पाते मोडले तर मोड मळकट दिसते, बारीक, राखेसारखी. दाणा दिसला, चमकला, की समजायचे पोलाद जास्त तापले होते. मग झाकण असो, दोर असो की माणूस, ते पाते दगा देणार. हे तिला कोणी आज सांगायला नको होते. अकरा वर्षे ती स्वतः पाती तापवत होती आणि तेलात बुडवून त्यांना पाणी देत होती, म्हणजे कडक करत होती, आणि अकरा वर्षांत एकदाही दाणा दिसला नव्हता. मग हा कुठून आला हे शोधायला तिला एक मिनिटही लागले नाही. उत्तर मागच्या वर्कशॉपमध्ये होते, भट्टीसमोरच्या भिंतीत, काचेतून सरळ आत येणाऱ्या दुपारच्या उन्हात. त्या खिडकीवर डॉर्सीने पंचवीस वर्षांपूर्वी सैन्याची हिरवी घोंगडी ठोकली होती. पोलादाचा रंग अंधारात वाचायचा असतो. उजेडात तापलेले पाते आहे त्यापेक्षा काळपट दिसते, आपण म्हणतो अजून थोडे, अजून थोडे, आणि त्या थोड्यातच ते हाताबाहेर जाते. धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते. झेल्मालाही ठाऊक होते. तरीही डॉर्सीला पेम्ब्रोकच्या चर्चमागे पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने जंबूर घेऊन त्या घोंगडीचे खिळे एकेक करून उपसले होते, आणि मे महिन्यात शेवटच्या आठ सुऱ्या त्या उजेडात तापवल्या होत्या. रंगाची इतकी सवय झालीय की उन्हातही ओळखेन, असे तिला वाटले होते. दोरीला बांधलेले लोहचुंबक भट्टीशेजारी लोंबत होते. पाते पुरेसे तापले की चुंबक त्याला चिकटेनासे होते, एवढी साधी परीक्षा. त्या दिवशी तिने त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

ती वर्कशॉपमध्ये जाऊन स्टुलावर बसली. उन्हात लोखंडाची बारीक धूळ तरंगत होती आणि जिभेवर ती नेहमीची चव आली, तांब्याचे नाणे चोखल्याची. भीती वाटत होती का? वाटत होती. दोनशे एकतीसच्या पुढे दोनशे अडतीसपर्यंत सात जण होते आणि ते गुरुवारी निघणार होते. कुठे ते तिला कधीच कळत नसे, पण तळावरची विमाने कधी जड आवाजात उठतात ते फेएटव्हिलमधल्या कोणत्याही बाईला कळते. त्या सात जणांचे चेहरे तिने पाहिलेले नव्हते. हात पाहिले होते, तेही कागदावर. डॉर्सीची रीतच तशी होती: मूठ बनवायची तर माणसाने यायचे, किराण्याच्या खाकी कागदावर पंजा पसरायचा, डॉर्सी पेन्सिल फिरवून त्याची रेघ काढायचा, आणि कागदावर नाव नाही, नुसता आकडा. मग तो कागद मागच्या खोलीत तिच्याकडे यायचा. दोनशे तेहतीसची करंगळी वाकडी, केव्हातरी मोडून तशीच जुळलेली. दोनशे सदतीस डावखुरा, अंगठा लांब. हे तिला पाठ होते. कपाटात दोनशेवर हात होते, आणि मधूनमधून तळावरून फोनवर एखादा आकडा यायचा, बाकी काही नाही. मग डॉर्सी तो कागद काढून भिंतीवरच्या खिळ्याला लावायचा आणि त्या दिवशी कोणी गिरमिट चालवायचे नाही. खिळ्याला आता एकोणीस कागद होते. विसावा माझ्या उन्हामुळे लागायला नको, असे ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत आपला आवाज तिला चिडका वाटला, आणि बरेही वाटले.

तिने प्रुइटला फोन केला. मास्टर सार्जंट प्रुइट हा तुकडी आणि हे दुकान यांच्यातला दुवा, चव्वेचाळीस वर्षांचा, दाढीत पांढरे आलेला, बारा वर्षांपासूनचा ओळखीचा. तासाभरात तो समोरच्या टायरवाल्याच्या दुकानापाशी गाडी लावून आत आला आणि सवयीने डॉर्सीच्या खुर्चीकडे पाहून टोपी काढली. तिने त्याच्या हातात भिंग आणि सुरी दिली.

‘‘मला यातलं काय कळणार, मिस झेल्मा?’’

‘‘चमकतंय ते दिसतंय ना? तेवढं कळलं तरी पुष्कळ. बाकीच्या सातही अशाच असणार. मला त्या परत हव्यात. गुरुवारच्या आत.’’

प्रुइट बराच वेळ भिंगातून पाहत राहिला. पाहण्यासारखे तेवढे नव्हते, तो विचार करत होता. ‘‘पोरांनी त्या देवासारख्या जपल्यात हो. म्हाताऱ्याच्या हातच्या शेवटच्या आठ म्हणून. एकानं तर चिठ्ठ्या टाकून मिळवलीय. आणि ऑफिसात नवीन साहेब आलाय, त्याला तसंही कारखान्याच्या सुऱ्या हव्यात, एका साच्यातल्या. तुम्ही आता हे बोललात की विषय संपलाच.’’

‘‘संपू दे.’’

‘‘ऐका तर. मी सुऱ्या गोळा करतो. पोरांना सांगतो, म्हाताऱ्याचे हात शेवटी थरथरत होते, नजर गेली होती, राहिलं असेल काही. कोणी एका शब्दानं रागावणार नाही. उलट जीव लावतील. तुमच्यावर काही येणार नाही, त्याच्यावरही नाही. मेलेल्या माणसाला सगळं माफ असतं.’’

त्याने हे प्रेमाने म्हटले होते, आणि म्हणूनच झेल्माच्या डोक्यात तिडीक गेली. तिने त्याच्यासाठी कॉफी ओतली, हात मोकळे राहायला नकोत म्हणून. अकरा वर्षे या माणसाने याच दुकानात बसून तिच्या हातची कॉफी प्यायली होती, आणि मागून ग्राइंडरचा आवाज यायला लागला की डॉर्सी म्हणायचा, आमचा मदतनीस आहे, लाजाळू आहे. हसायचा. तीही मागच्या खोलीत हसायची. हे खोटे तिच्यावर कोणी लादले नव्हते. डॉर्सीचे हात थरथरू लागले ते एका नोव्हेंबरात. तेलाच्या डब्याकडे नेताना लाल पाते त्याच्या हातून सुटले आणि लाकडी जमिनीवर जळका ठसा उमटवून गेले, तो ठसा अजून होता. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, डोळे माझे, हात तुझे. वर्षभर तसे चालले. तो स्टुलावर बसून अंधारात सांगायचा, थांब, थांब, आता, आणि ती चिमट्याने पाते काढायची. मग एक दिवस त्याने ‘आता’ म्हणायच्या आत तिने पाते काढले आणि तो गप्प बसला. त्यानंतर डोळेही तिचेच. डॉर्सीने एकदा विचारले होते, सांगू या का त्यांना? तीच नको म्हणाली. कारण काय होते? धंदा जाईल ही भीती होती, पण तेवढीच नव्हती. त्या काळोखात कोणाच्या नजरेत न येता काहीतरी अचूक करता येते याची तिला चटक लागली होती. रविवारी चर्चमध्ये तिची बहीण नाक मुरडून विचारायची, तुझ्या केसांना हा वास कसला गं? आणि झेल्मा सांगायची, तळणाचा. तेलाचा जळका वास केसांत घेऊन ती भजने म्हणायची आणि मनातून ताठ असायची. तीच ती, मे महिन्यात प्रुइट आठ सुऱ्या न्यायला आला तेव्हा म्हणाली होती, पाती त्याने करून ठेवली होती, मी नुसत्या मुठी बसवल्या. तोंडातून ते सवयीने निघाले होते. त्या रात्री तिला स्वतःची शिसारी आली होती, पण सकाळी ती तशीच उठली आणि भांडी घासली.

‘‘प्रुइट, डॉर्सीनं असली चूक कधी केली नसती,’’ ती म्हणाली. ‘‘ऊन आत घेऊन पोलाद तापवणं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. हा गाढवपणा माझा आहे.’’

‘‘तुमचा कसा? तुम्ही तर मुठी—’’

‘‘पाती मी केली. या आठही. त्याच्या आधीचीही. तुझ्या कमरेला आहे तीसुद्धा.’’

प्रुइटचा हात नकळत कमरेकडे गेला. मग त्याने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिले, मग तिच्या मनगटांकडे. मनगटांवर बारीक पांढरे डाग होते, तेल उडाल्याचे, आणि ते तिथे कित्येक वर्षे होते. अकरा वर्षे याने ते पाहिले आणि काय समजला? तळणाचे समजला असेल, आपल्या बहिणीसारखाच. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांचाच तिला आज कंटाळा आला होता.

‘‘हे त्यांना सांगायची काय गरज आहे पण?’’ प्रुइट हळू आवाजात म्हणाला. ‘‘सुऱ्या परत घेऊ, विषय मिटवू. तुमचं गुपित तुमच्यापाशी.’’

‘‘चांगल्या होत्या तेव्हा त्याच्या, वाईट निघाल्या तरी त्याच्याच, मग मी कोण? मला तेवढी तरी माझी असू दे. चूक. बुधवारी सकाळी घेऊन ये त्यांना. सुऱ्या नको नुसत्या, माणसं आण.’’

मंगळवार तिने कसा काढला ते तिचे तिलाच ठाऊक. मक्याच्या तळलेल्या भाकरीत कोलार्डच्या पाल्याची भाजी घालून खायला बसली तर घास फिरू लागला. दुपारी तिने घडी घालून ठेवलेली घोंगडी काढली, हातोडी घेतली, खिळे तोंडात धरले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पहिला खिळा लावला की खोली अर्धी विझणार होती. ही खिडकी आपण का उघडली होती? दुःखात माणूस काहीही करतो, असे बहीण म्हणाली असती. पण ते दुःख नव्हते, खरे तर. तिला फक्त पाहायचे होते, ही आपली खोली कशी दिसते. अकरा वर्षांत तिने ती कधी धड पाहिली नव्हती. ऐरण कुठे ते पायांना माहीत होते, तेल कुठे ते नाकाला. उन्हात तिने पाहिले तेव्हा भिंत पिवळी निघाली होती. पिवळी, आणि तिला इतकी वर्षे ती राखाडी वाटत होती. तिने तोंडातले खिळे हातावर थुंकले. चूक झाली म्हणून पुन्हा अंधारात जाऊन बसायचे? नाही बसणार, ती म्हणाली. अंधार भट्टीला लागतो, मला नाही. मग ती टायरवाल्याकडे गेली, त्याच्या मागच्या अंगणात पडलेला जुन्या धुराड्याचा रुंद पत्र्याचा नळ मागून आणला आणि संध्याकाळपर्यंत खटपट करून तो भट्टीच्या तोंडावर आडवा बसवला. नळात डोळा लावला की आत मिट्ट काळोख, आणि बाहेर पाठीवर ऊन. टायरवाला डोकावून म्हणाला, ‘‘दुर्बीण करताय का, काकू? काय दिसतंय?’’ ‘‘तुझं नशीब,’’ ती म्हणाली, ‘‘काही खास नाही.’’

बुधवारी आठ जण आले. सात आणि प्रुइट असे तिने धरले होते, पण प्रुइट आलाच नाही, त्याच्याऐवजी तिला माहीत नसलेला एक वयस्क माणूस होता. सगळे साध्या कपड्यांत, दाढ्या वाढलेल्या, दुकानात इतके शांत उभे राहिले की पंख्याचा आवाज मोठा वाटू लागला. झेल्माने चेहऱ्यांकडे पाहिलेच नाही. तिने हात पाहिले आणि ते एकेक करून ओळखले. ती वाकडी करंगळी. तो लांब अंगठा, डाव्या हाताचा. कागदावर नुसत्या रेघा होत्या, इथे त्यांच्यावर केस होते, ओरखडे होते, एकाच्या नखाला निळा रंग लागला होता, घरी काहीतरी रंगवत असणार.

तिने त्यांना मागे नेले आणि सरळ सांगितले. पाती मी केली, डॉर्सीने नाही. अकरा वर्षे मीच करतेय. या आठ मी उजेडात तापवल्या, परीक्षा घेतली नाही, आणि त्या वाईट आहेत. हे सांगताना आवाज कापेल असे तिला वाटले होते, पण तो कापला नाही. उलट त्यात एक उद्धटपणा आला, जणू ती माफी मागत नव्हती तर हक्क सांगत होती. ‘‘द्या इकडे,’’ ती म्हणाली. नखाला निळा रंग लागलेल्या माणसाने सुरी पुढे केली नाही. ‘‘माझी ठीक आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मी वापरलीय.’’

‘‘कशाला? झाकण उचकटायला?’’

मागून कोणीतरी खुदकन हसले. त्याने कान खाजवला आणि सुरी दिली. तिने ती व्हाईसच्या लोखंडी जबड्यात आवळली, पात्यावर पाइपचा तुकडा चढवला आणि अंगाचा भार टाकून ओढला. काडकन मोडली. मोड तिने त्याच्या हातात दिली आणि ऊन दाखवले. त्याने पाहिले. रंग लागलेले नख त्या दाण्यांवरून हळू फिरवत राहिला. दुसरी मोडली, तिसरी, चौथी. ती थांबत नव्हती. सातव्या सुरीला, दोनशे अडतीसला, तिने भार टाकला तेव्हा पाते वाकले, आणखी वाकले, पाइप सोडताच सरळ होऊन उभे राहिले. तिने पुन्हा ओढले, पुन्हा ते सरळ झाले. झेल्मा आठवत राहिली. मेमधल्या आठांतली ही शेवटची; त्या दिवशी दुपारनंतर बहिणीचा फोन आला होता, ती तासभर बोलत बसली होती, आणि परत आली तेव्हा ऊन खाली उतरून खोली अंधारली होती. ‘‘ही तुला घेऊन जाता येईल,’’ ती डावीकडे उभ्या असलेल्या त्या माणसाला म्हणाली. ‘‘माझ्या बहिणीचे उपकार मान.’’

सहा मोडकी पाती टेबलावर पडली होती. आता कोणीतरी काहीतरी बोलेल, आणि ते काहीही असू शकेल, असे तिला वाटले. तिने हात छातीवर बांधले. बोलला तो वयस्क माणूस. ‘‘माझी एकशे सत्तर,’’ तो म्हणाला. ‘‘नऊ वर्षं झाली. विमान पाण्यात पडलं तेव्हा हिनं मी तिघांचे पट्टे कापले. ती कोणाची?’’

‘‘माझी.’’

त्याने कमरेची सुरी काढली, उन्हाकडे वळवून पाहिली, जणू काही लिहिलेले सापडेल. पात्यावर डॉर्सीच्या नावाचे अक्षर होते, वर्तुळातले. मग त्याने ती म्यानात सरकवली. ‘‘मूठ नवीन लागेल,’’ तो म्हणाला आणि उजवा पंजा पुढे केला. तर्जनी मधल्या पेराशी संपली होती. ‘‘गेल्या वर्षीची गंमत. जुनी मूठ आता हातात फिरते.’’

‘‘ऑफिस यापुढं कारखान्याच्या घेणार आहे,’’ झेल्मा म्हणाली.

‘‘ऑफिसनं ऑफिसच्या घ्याव्यात. मी माझी मागतोय.’’ मग बाकीच्यांकडे न पाहता तो म्हणाला, ‘‘पोरं उद्या सुरीशिवाय जातील. जमेल त्यांना. आल्यावर ज्याला यायचं तो येईल, नाही यायचं तो नाही.’’

तिने खाकी कागद आणला. इतकी वर्षे ही रेघ डॉर्सी काढायचा. पेन्सिल त्या तुटक्या बोटाशी पोचली तेव्हा तिला क्षणभर कुठून वळावे ते कळेना, मग ती तिथून तशीच वळली, जसे बोट वळले होते. त्याच्या हाताची ऊब कागदातून टेबलाला लागत होती. कोणी आभार मानले नाहीत, कोणी पाठ थोपटली नाही. नखाला निळा रंग असलेला माणूस आपली मोड खिशात घालून घेऊन गेला, का ते तिने विचारले नाही. तिघे जण जाताना तिच्या नजरेला नजर न देता गेले, आणि ते परत येणार नाहीत हे तिला समजले. त्यांचा राग खरा होता. तो तिने ठेवून घेतला.

दुपारी तिने दोनशे एकतीससाठी नवे पाते घेतले. घासून तयार होते, अजून मऊ, पाणी न दिलेले. ठसा उमटवायचा तर तो आत्ताच. एकदा पाणी दिले की पोलाद ठसा घेत नाही, उलट ठशाचीच धार जाते. म्हणजे या धंद्यात नाव आधी ठोकावे लागते आणि पाते कसे निघाले ते नंतर कळते. अकरा वर्षे ती डॉर्सीचा ठसा ठोकत आली होती आणि ही गोष्ट तिच्या कधी लक्षातच आली नव्हती, कारण नाव तिचे नव्हते. डॉर्सीचा ठसा तिने कापडात गुंडाळून त्याच्या खुर्चीशेजारच्या खणात ठेवला. मंगळवारी टायरवाल्याकडून येताना तिने हातभर पोलादी सळई आणली होती, आणि रात्रभर कानशीने घासून तिच्या टोकावर आपल्या नावाचे अक्षर काढले होते, उलटे. सुबक आले नव्हते. एक कड जाड होती.

तिने पाते ऐरणीवर ठेवले, अक्षर आधीच कोरलेल्या आकड्याच्या वर टेकवले आणि हातोडी उचलली. टोक मोडल्याच्या चिठ्ठीला उत्तर लिहायचे तिच्या मनात तयार होते, सहा शब्दांचे: झाकणं उचकटत जा. चूक माझी होती. खिडकीतून टायरवाल्याच्या रेडिओचा आवाज येत होता आणि ऊन सरळ तिच्या हातांवर पडले होते. हे पाते चांगले निघेल की नाही तिला माहीत नव्हते. तिने ठोकले, एकदाच, आणि मग भट्टी पेटवून नळात डोळा लावला.